परत घेतलेली वाटी

"आई गेली गं," सुमनकाकूंच्या मीनाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. फोन ठेवला आणि उगाच ईमेल वाचत बसले... दीड महिना झाला, अजून त्यांच्या दारावरून जायला नको वाटतं.

इंग्लंडमधल्या स्लाऊ गावात, आमच्या रस्त्यावर काकू तीस वर्षं राहत होत्या. मी पुण्याहून आलेली, मला कुत्रंही विचारत नव्हतं. तरी कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिले, कारण कोपऱ्यावरची लायब्ररी बंद करायला निघाले होते आणि माझं डोकं फिरलं होतं. काकू म्हणाल्या, "पत्रकं टाकून काय होतंय? चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ये. सगळ्या बायकांशी ओळख करून देते."

गेले. सोबत माझा निवडणूक एजंट डेव्हिड, कायदे तोंडपाठ असलेला कडक म्हातारा. फ्रंटरूममध्ये गौर झोपाळ्यात बसलेली, आंब्याची डाळ, पन्हं, वीसेक बायका. काकू एकेकीच्या हातात स्टीलची वाटी ठेवत होत्या आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "ही आपली उमेदवार. मत हिलाच, बरं का!"

काकू काय म्हणताहेत ते मी हौसेने इंग्रजीत सांगितलं आणि डेव्हिड पांढराफटक पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, वस्तू देऊन मत मागणं म्हणजे लाच. एकीने जरी तक्रार केली तर निवडून आलीस तरी पद जाईल, शिवाय या बाईंवर केस होईल. सगळं परत घे, आत्ता!

शेजारच्या नलूताई दारात चपला घालत होत्या. मी धावत गेले आणि त्यांच्या हातातली वाटी काढूनच घेतली. वर काकूंवर ओरडले, "अहो काकू, तुम्हाला काही कळतं का?" सणाच्या दिवशी, सवाष्णीच्या हातातली वाटी! शी... आजही आठवलं की स्वतःचाच राग येतो.

काकू सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. हिला काही माहीत नव्हतं." स्वतः टोपली घेऊन फिरल्या, प्रत्येकीकडून वाटी परत घेतली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ही तुम्हाला काहीएक देणार नाही. पण भांडायला उठली की कुणाची भीड ठेवत नाही, ते आत्ता बघितलंतच."

बायका हसल्या. मी निवडून आले, चार वर्षं भांडले, लायब्ररी राहिली. वाट्या मात्र काकूंच्या कपाटातच. "तू पदावर आहेस तोवर नको गं बाई, उगाच कुणी बोट दाखवेल." गेल्या वर्षी मुदत संपली, मी पुन्हा उभी राहिले नाही. तेव्हा म्हणाल्या, "आता पुढच्या चैत्रात वाटू." त्या दिवसाबद्दल माफी मागायची तेवढी राहून गेली. रोज भेटायचो, रोज राहायची.

चैत्र लागला तेव्हा काकू नव्हत्या. मीनाने वाट्यांचं खोकं माझ्या हातात दिलं. वरची एक वाटी घेऊन मी नलूताईंची बेल वाजवली. त्यांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आता चालतं का गं?"

"चालतं," म्हटलं, आणि त्यांच्या दारातच रडायला लागले.