सहा टोपल्या आणि आईचा उजवा डोळा

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. मोबाइलमधील माझ्या नोंदीची ही पहिली ओळ. तिच्याखाली मी लिहिले आहे: आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही, ऊन समोरून. खेळाडू तीन. त्यांपैकी जिच्यासाठी हा सारा खटाटोप होता ती माझी आई तेव्हा शाळेच्या फाटकापाशी चपला काढून उभी होती. शाळेच्या आवारात चपला घालून खेळणे तिला प्रशस्त वाटत नव्हते.

कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात डिस्क गोल्फ आला तो शाळेच्या क्रीडाशिक्षकांमुळे. ते कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले आणि हा खेळ डोक्यात घेऊनच परतले. नियम सोपे आहेत. ताटाएवढी प्लास्टिकची चकती ठरलेल्या जागेवरून फेकायची, ती पडेल तेथून पुन्हा फेकायची आणि अखेर खांबावरच्या टोपलीत टाकायची. ज्याला कमी फेका लागतील तो सरस. विकतच्या टोपल्या शाळेच्या आवाक्याबाहेर होत्या, म्हणून सरांनी वसमतच्या एका वेल्डरकडून सहा टोपल्या घडवून घेतल्या: लोखंडी पाइप, वर सायकलची रिम, रिमेपासून लोंबणाऱ्या साखळ्या आणि खाली तारेची जाळी. चकती साखळ्यांवर आदळली की तिचा जोर मरतो आणि ती जाळीत पडते. पहिल्या तीन टोपल्या इमारतीपुढच्या मोकळ्या मैदानात, उरलेल्या तीन मागच्या झाडांमध्ये. अंतरे इतकी बेताची की चौथीतले लेकरूही प्रत्येक टोपली चार-पाच फेकांत उरकते. सरांच्या हिशेबाने तीन फेका म्हणजे उत्तम.

आईला मी तेथे खेळण्यासाठी नेले, असे घरात सांगितले होते. ते पूर्ण खरे नव्हते.

दीड महिन्यापूर्वी तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नांदेडला झाली होती. भिंतीवरची अक्षरे तिने बिनचूक वाचली. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते की तिची साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली आहे, तेव्हा डोळ्याच्या पडद्याकडे लक्ष ठेवा. अंतराचा अंदाज चुकू लागला किंवा एका बाजूचे नीट दिसेनासे झाले, तर लगेच घेऊन या. घरी यातले काही तपासावे तर आईची साक्ष ग्राह्य धरता येत नव्हती. तिचे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असे: “बरं हाय.” दात दुखत असतानाही बरं हाय आणि ताप असतानाही बरं हाय. त्यातच दोनदा मी तिला ओट्यावरून उतरताना पायाने पायरी चाचपताना पाहिले होते. मंगळवारी मला बंगळुरूला निघायचे होते. तेथील संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रातील माझे पीएचडीचे काम सुरू व्हायचे होते. या जागेसाठी मी तीन वर्षे दुसरे काही केले नव्हते. तरीही मी मनाशी ठरवले होते की डोळ्यात दोष आढळला तर जाणे पुढे ढकलायचे. वडील शेतात गुंतलेले, भाऊ पुण्यात. तिला वारंवार नांदेडला नेणारे माझ्याशिवाय कोणी नव्हते.

चकती फेकणे ही अंतराची चांगली चाचणी ठरेल, असे मला वाटले. लक्ष्य स्थिर असते, अंतर ठाऊक असते आणि चूक मोजता येते. शिवाय ज्याची परीक्षा घ्यायची त्याला परीक्षेची कल्पना नसते. योजनेवर मी मनातून खूश होते.

फाटक उघडले ते तांड्यावरच्या काकूंनी. शाळेत मुलांची खिचडी त्याच करतात, त्यामुळे किल्ली त्यांच्याकडे असते. आणि खिचडी उरकल्यावर मुलांबरोबर खेळून त्यांचा हात या खेळावर चांगला बसलेला आहे. आईची आणि त्यांची जुनी मैत्री, म्हणून आमच्याबरोबर त्याही खेळणार होत्या.

फाटकाच्या उजव्या अंगाला, कुंपणालगतच्या मोकळ्या जागेत शिजवलेली हळद वाळत घातली होती. फेब्रुवारीत आमच्याकडे जमिनीचा कोणताही रिकामा तुकडा हळदीला सोडलेला असतो, आणि वाळत्या हळदीजवळ शेळ्या हाकलायला कोणीतरी बसलेले असते. त्या दिवशी लिंबाखाली खुर्ची टाकून मोठे काका बसले होते. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे आईचे भासरे. मी त्यांना नमस्कार केला, त्यांनी काठी किंचित उचलली. लिंबाखाली काका बसले आहेत, ही गोष्ट मला लिंबाइतकीच नेहमीची वाटली आणि मी ती नोंदवली नाही.

पहिल्या टोपलीकडे मी आधी फेकले, मग काकूंनी. आईने चकती दोनदा उलटसुलट करून पाहिली आणि मनगट जरासे झटकून सोडली. चकती थोडी तरंगली, डावीकडे वळली आणि अर्ध्या अंतराच्याही आत पडली.

“फेका की वो वहिनी,” काकू म्हणाल्या. “अंडं हाये का हातात?”

“तुमी घाई नका करू. पहिलीच येळ हाय माझी.”

दुसरी फेक तशीच. तिसरीही. पहिल्या टोपलीला आईला सहा फेका लागल्या, दुसरीला सात, तिसरीला पुन्हा सहा. काकूंनी तिसऱ्या टोपलीपाशी, आपण तोवर खिचडी टाकून येऊ का, असे तिला विचारूनही घेतले. आई हसली. मला हसू येत नव्हते.

फेका जास्त लागल्या याची मला चिंता नव्हती. नवशिक्याला त्या लागतातच. चिंता होती ती चुकांच्या आकाराची. नवशिक्याच्या चुका विखुरलेल्या असतात: एक डावीकडे, एक उजवीकडे, एक लांब, एक जवळ. आईची प्रत्येक चकती जवळ पडत होती आणि प्रत्येक चकती डावीकडेच जात होती. प्रयोगशाळेत असे दिसले की हाताला दोष देत नाहीत, उपकरण तपासतात. येथे उपकरण म्हणजे डोळा, असे मी गृहीत धरले. आणखी एक गोष्ट मला दिसली होती. चकती सोडण्याआधी आई उजवीकडे न पाहता मान डावीकडे कलती करून समोर पाहत होती, जणू उजव्या बाजूचे तिला नकोसे झाले आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन्ही खुणा माझ्यासमोर होत्या. तिसऱ्या टोपलीतून चकती काढून देताना मी मंगळवारचे तिकीट मनातल्या मनात रद्द केले. संस्थेला पाठवायच्या पत्राचे पहिले वाक्यही तयार झाले होते.

चौथ्या टोपलीसाठी इमारतीला वळसा घालून मागे जावे लागते. मागे वर्गांच्या भिंतींची सावली, गुलमोहराची झाडे आणि कोपऱ्यात एक बाभूळ. टोपली दोन गुलमोहरांच्या मधून दिसते. सरांनी ती मुद्दाम तशी ठेवली आहे, म्हणजे नेम धरायला शिकता यावे. आईला येथे किती फेका लागतील याचा अंदाजही मला करवत नव्हता.

तिने हात डाव्या खांद्यापर्यंत मागे नेला आणि फेकले.

चकती दोन्ही झाडांच्या बरोबर मधून गेली. सरळ, सपाट. टोपलीच्या थोडी पुढे जाऊन पडली. दुसरी फेक साखळीला नुसती चाटून गेली, तिसरी जाळीत. काकूंनी कमरेवर हात ठेवून आईकडे पाहिले आणि विचारले की एवढा वेळ नाटक करून राहिल्या होत्या का. पाचव्या टोपलीला चकती बाभळीच्या फांदीत अडकली म्हणून चार लागल्या. पण नेम सरळच होता. सहावीला तीन. डावीकडे एकही गेली नाही.

माझ्या छातीवरचे ओझे निम्मे उतरले. उरलेले निम्मे उतरेना, कारण आकडे का बदलले ते मला कळले नव्हते. पुढच्या मैदानात ऊन थेट डोळ्यांत येत होते, मागे सावली होती. उन्हात दिसत नसेल आणि सावलीत दिसत असेल, तर डोळ्यातला दोष कायम होता. दुसरे काय बदलले होते? मी आईकडे नीट पाहिले. पदर तिच्या खांद्यावर होता. पुढच्या मैदानात तो डोक्यावर होता, उजव्या कानशिलापर्यंत ओढलेला. माझ्या नोंदीत पदराचा रकानाच नव्हता.

“आई, तिकडं फेकताना डाव्या हातात काय धरलं होतंस?”

“पदर. मोठे बसलेले न्हाईत का लिंबाखाली?”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“त्यात काय सांगायचं माय? तुला दिसून न्हाई राहिलं का?”

काकू भिंतीला टेकून हसू लागल्या. “डोळे कोणाचे तपासायला आणले होते गं बाई?” त्यांनी मला विचारले. आईही पदराआड हसत होती. म्हणजे त्यांनीही माझा बेत ओळखला होता आणि आईनेही. आई सकाळपासून परीक्षा देत होती आणि परीक्षा आहे हे तिला ठाऊक होते.

हे असे जुळत होते: भासऱ्यांसमोर पदर घसरू नये म्हणून डावा हात हनुवटीपाशी अडकलेला, त्या हाताच्या आड उजव्या हाताला मागे जायला जागा नाही. मग फेक मनगटापुरतीच, चकती लवकर सुटणार आणि डावीकडे जाणार. लिंब उजव्या हाताला, म्हणून मान डावीकडे. आमच्या घरातील प्रत्येक सून मोठ्या काकांसमोर अशीच वावरते. मी जन्मापासून हे पाहत आले आणि म्हणूनच मला ते दिसले नाही. ओट्यावरची पायरी चाचपण्याचाही उलगडा झाला. ओट्याच्या समोरच काकांचे दार आहे, म्हणून तेथेही तिचा पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला असतो.

उलगडा सुंदर होता, पण तो सिद्ध झालेला नव्हता. उन्हाची शंका उरलीच होती. तेच ऊन, तीच टोपली, आणि आईचे दोन्ही हात मोकळे, अशी एक फेरी हवी होती. मी लिंबाखाली गेले आणि काकांना म्हटले की तुम्ही घरी जाऊन चहा घेऊन या, हळदीजवळ मी बसते. चहा झाल्याचे त्यांनी सांगितले. मग मी दुसरी सबब शोधली नाही. शस्त्रक्रिया, डॉक्टरांची सूचना, पहिल्या तीन टोपल्या, सारे त्यांना सांगितले. पदराबद्दल सांगताना शब्द जुळवायला मला वेळ लागला. माझे सांगून झाल्यावर ते उठले, खुर्ची उचलून उलटी फिरवली आणि मैदानाकडे पाठ करून बसले.

“शेळ्या लई झाल्यात,” ते हळदीकडे पाहत म्हणाले. “इकडंच ध्यान द्यावं लागतं. तिला म्हणावं, बिनघोर फेक.”

निरोप मी आईला सांगितला. पाठ केली तरी ते तिथे आहेतच, असे ती पुटपुटली. मग तिने पदर डोक्यावर घेतला, कानांमागून आणून त्याचे टोक कमरेला घट्ट खोचले. डोके झाकलेले राहिले आणि दोन्ही हात मोकळे झाले. ही वाट मला सुचली नसती.

ऊन समोरूनच होते. ते थोडे वर आले होते. तो फरक मी लिहून ठेवला आहे. पहिली फेक सरळ गेली आणि ध्वजाच्या कट्ट्याच्या अलीकडे पडली. दुसरी टोपलीपासून दहा-बारा पावलांवर. तेथे उभी राहून आई टोपलीकडे पाहू लागली, आणि इतका वेळ पाहत राहिली की माझा धीर सुटत आला.

“मधली साखळी गंजून राहिली,” ती म्हणाली. “सरांना सांग. एखाद्या पोराचा हात कापल.”

मी धावत टोपलीपाशी गेले. साखळ्या आठ होत्या. मधल्या एकीच्या दोन कड्यांवर तांबूस गंज होता. मला तो हाताच्या अंतरावर आल्यावर दिसला. दुसऱ्या दिवशी नांदेडच्या डॉक्टरांनी पडदा तपासून सारे ठीक असल्याचे सांगितले, मात्र मला ते कळले त्या गंजलेल्या साखळीपाशी. मी तेथेच टोपलीपुढे खाली बसले. काकूंनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

“बाजूला हो,” आई म्हणाली. “मला फेकायचं हाय.”

मी बाजूला झाले. साखळ्या वाजल्या. लिंबाखाली काकांनी मान वळवली नाही. काठी मात्र एकदा जमिनीवर आपटली. समोर शेळी नव्हती. मी मोबाइल काढला आणि पहिल्या टोपलीच्या आधीच्या आकड्यापुढे, दुसऱ्या फेरीखाली, नवा आकडा लिहिला: तीन.