पवनचक्क्यांच्या गावी, एका सहीसाठी

शिकागो पाहायला आलेले प्रवासी दक्षिणेकडच्या मक्याच्या शेतांत सहसा जात नाहीत. आम्ही गेलो, कारण माझी कन्या मुक्ता हिला एक सही हवी होती. वाऱ्यापासून मिळणारी वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांवर ती संशोधन करते. व्हिसाची मुदत संपत आली होती. कायम वास्तव्यासाठीचा अर्ज नामंजूर झाला असता, तर प्रयोगशाळा सोडून परतावे लागले असते. अर्जाला तज्ज्ञांची शिफारसपत्रे लागतात आणि येथील रीत अशी, की मसुदा उमेदवारानेच लिहायचा. तज्ज्ञ तो तपासून सही करतात.

शनिवारी तिच्या जुन्या मार्गदर्शकांसाठी काजूकतली घ्यायला डेव्हन ॲव्हेन्यू या भारतीय दुकानांच्या रस्त्यावर गेलो. तेथे गाडी लावायला जागा मिळणे कठीण; बसने जावे. शॉमबर्गला मुक्ताच्या घरी परतल्यावर तिने लिहिलेला मसुदा वाचला. सर्वत्र ‘संशोधकांच्या गटाने केले’ असे होते. मला तो संयम आवडला.

“एकही शब्द बदलू नकोस,” मी म्हणालो.

“तुम्ही पास केलंत ना, बाबा? मग अर्ज बघणाऱ्या लॉयरचं टेन्शन नाही.”

रविवारी मार्गदर्शकांच्या गावी निघालो; प्रवास अडीच तासांचा. वाटेत कॉफीच मिळते, म्हणून चहा थर्मासमध्ये न्यावा. शहर मागे पडल्यावर सपाट शेतांत पवनचक्क्या दिसू लागतात. जवळून त्यांचा घुमणारा आवाज छातीत जाणवतो.

तिचे मार्गदर्शक असलेल्या वृद्ध प्राध्यापकांनी आपल्या घराच्या व्हरांड्यात बसून पत्र वाचले आणि पेन खाली ठेवले.

“यावर मी सही करणार नाही.”

“काही चुकलं का, सर?” मुक्ताने विचारले.

“थंडीत बॅटरी निकामी होत होती. आम्ही सगळ्यांनी नाद सोडला. तू हिवाळाभर एकटी झगडलीस आणि आतलं द्रावण बदलून ती चालवून दाखवलीस. ते कुठे आहे?”

“सगळ्यांनी मदत केली होती.”

“मदत त्यांची, शोध तुझा. मी खोट्यावर सही करत नाही.” मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “तुम्ही वाचलं होतं?”

“वाचले होते.”

“भाषा उत्तम आहे.”

मुक्ता माझ्याकडे पाहत होती. लहानपणापासून मी तिला स्वतःची थोरवी सांगू दिली नव्हती.

“जे घडले, ते लिही,” मी म्हणालो.

तिने त्यांच्या स्वयंपाकघरातील टेबलावर पत्र नव्याने लिहिले. त्यांनी सही केली.

“नवं पत्र वाचताना दुसऱ्याच कुणाबद्दल वाचतेय असं वाटलं, बाबा,” परतताना ती म्हणाली.

मी साताऱ्याला परतल्यावर काही महिन्यांनी अर्ज मंजूर झाला आणि त्या आधारे तिच्या व्हिसाची मुदत वाढली. प्रत्यक्ष ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, मंजुरीनंतरही भारतीयांची रांग फार लांब आहे. माझ्या हयातीत ते येईल, असे वाटत नाही. पण तिची प्रयोगशाळा सुटली नाही.

कोणी विचारले, तर ‘मुलगी अमेरिकेत नोकरीला असते’ एवढेच मी सांगत असे. परवा शेजारच्या काकूंनी विचारले, तेव्हा म्हणालो, “कडाक्याच्या थंडीत टिकणारी बॅटरी तिने घडवली. तिने एकटीने.”