नारळ मी उचलला न्हाय

माझं दूध गटारात वतलं तवा डेअरीत सकाळची रांग लागलेली. आर्धं गाव तिथंच म्हणा की. चेअरमन, त्यास्नी सगळी आण्णा म्हणत्यात, खुर्चीत बसून चहा पीत हुते. सेक्रेटरीनं माझ्या किटलीतलं दूध मशिनला लावलं, फॅटचा आकडा बघितला आणि मान खाली घातली. आण्णांनी कप ठेवला. उठले. माझी किटली उचलली आणि पायरीवरनंच उपडी केली.

"पंचगंगा घरात शिरलीती, ती किटलीत बी शिरली व्हय गं?"

रांग हसली. माझ्यासंगं शेतात भांगलायला येणाऱ्या बाया बी पदर तोंडाला लावून हसल्या. दूध गटारातनं वाहत गेलं. कुणाचं तरी कुत्रं आलं आणि चाटाय लागलं. मी रिकामी किटली घेतली आणि घरला आलो. तोंडातनं एक शब्द फुटला न्हाय. त्याचीच चीड अजून जात न्हाय.

आमचं शेत नदीकाठाला. तुकडाच हाय, पण काळंभोर. मालक, म्हंजे माझा नवरा, शिरोलीत फौंड्रीत कामाला, म्हणून शेत आणि म्हस मीच बघतो. ह्या साली पाणी आलं ते उसाच्या शेंड्यावरनं गेलं. वसरलं तवा ऊस उभाच हुता, पण आतनं कुजलेला. बांधावर थांबवत न्हवतं असा वास. बांधाचं गवत चिखलाखाली गेलं. म्हशीला आम्ही माळावरच्या शाळेत न्हेऊन बांधलेलं. तिथं पावसात तिचं रेडकू गेलं. राहिली ती म्हस. घर तिच्याच दुधावर चाललेलं.

आणि तिला मी घालत काय हुतो? पुरातनं निघालेल्या उसाचा पाला, धुऊन धुऊन. ज्या पाल्याला मातीचा वास येतोय त्यो जनावर तरी कसं खाणार? पोटात कस न्हाय तर दुधात कुठनं येणार? नदीकाठच्या सगळ्यांचंच दूध त्या दिवसांत पातळ हुतं. सेक्रेटरीला म्हाईत हुतं, रांगेला म्हाईत हुतं. मग माझंच का वतलं? ते बी सगळ्यांना म्हाईत हुतं.

पूर वसरल्यावर लांबच्या गावच्या लोकांनी आमच्यासाठी वैरणीचा ट्रक पाठवला. पूरग्रस्तांच्या जनावरांसाठी, असं फळ्यावर लिहिलेलं. ट्रक उतरला आण्णांच्या गोठ्यावर. आण्णांचा गोठा वरच्या अंगाला, पाण्यानं त्याची पायरी बी शिवली न्हवती. दोन-चार पेंढ्या वाटल्या, फोटो काढले, बाकीची वैरण आतच राहिली. मी पंचायतीम्होरं सगळ्यांदेखत विचारलं, "आण्णा, पूर नेमका कुणाच्या गोठ्यात आलता?" एवढंच विचारलं. आण्णा हसले. "बघू की," म्हणाले.

आणि बघितलं.

आमच्या डेअरीत एक रीत हाय. दुधात पाणी घावलं की त्या माणसाचं दूध बंद. मग रविवारी, जोतिबाच्या वारी, डेअरीतल्या देवाच्या फोटोम्होरं नारळ ठेवायचा. सगळ्यांदेखत त्याच्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, माझ्याकडनं पाणी पडलं, पुन्यांदा पडणार न्हाय. नारळ उचलून पायरीवर फोडायचा, खोबरं वाटायचं. दुसऱ्या दिवसापास्नं दूध चालू. लग्न होऊन आल्यापास्नं मी हे बघत आलोय. खोबरं खाल्लंय बी. ज्यानं फोडला त्यानं पाणी घातलंच असणार, असंच मला वाटायचं.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं. मालक म्हणाले, "मिटीव ते. मी भट्टीम्होरं भाजून येतोय, घरात आणि ही कटकट नको." आत्ती, म्हंजे माझी सासू, चुलीपाशी शेंगा फोडत बसलेली. ती म्हणाली, "हात लाव नारळाला आन मोकळी हो. मी बी लावलाय एकदा. कुणाचं काय झडलं?"

"तुम्ही पाणी घातलंतं?"

आत्तीनं हातातली शेंग परत सुपात टाकली.

"न्हवतं घातलं."

"मग?"

"तुझ्या सासऱ्यांनी आण्णांच्या बाच्या शेतात ऊस लावायला जायला नकार दिलता. आमच्या लावणीचा दिवस हुता त्यो. डेअरी तवा त्याच्याच हातात, मग दूध बंद झालं. पोरं लहान. लावला हात."

ती परत शेंगा फोडाय लागली. मी तिच्या हाताकडं बघत बसलो. इतकी वर्सं ह्या घरात पाणी घातल्याचा डाग हाय, आणि तो खोटा हाय, हे तिनं मला कधी सांगितलं न्हाय. मालकांना बी न्हाय. आणि मला झटक्यात कळलं. हा नारळ पाणी घालणाऱ्यांसाठी न्हवताच. ज्यानं तोंड उघडलं त्याच्यासाठी हुता. त्याच्या तोंडातनंच वदवायचं, मी खोटा हाय. मग पुढं तो काय बी बोलू दे, कोण ऐकणार?

म्हटलं, न्हाय. दाखवायचंच. कोल्हापुरात दुधाच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करत्यात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांम्होरं धार काढून फेसाचा पेला हातात देत्यात. तिथं पाणी घातलं म्हणायची कुणाची टाप न्हाय. रविवारी मी म्हस सोडली आणि डेअरीच्या दारात न्हेऊन उभी केली.

"आण्णा, सगळ्यांदेखत धार काढतो. लगेच मशिनला लावा. तरी बी पातळ लागलं तर म्हशीला नारळ फोडायला सांगा."

रांगेत कोण तरी फिसकलं. आण्णांनी हातानं खूण केली, काढ.

मी बसलो. कास धुतली. सडाला हात घातला. थेंब न्हाय. पाठीवरनं हात फिरवला, तिच्याशी बोललो, पुन्यांदा सड ओढलं. म्हस कान टवकारून गर्दीकडं बघत हुती. कट्ट्यावरच्या म्हशी गर्दीतच वाढलेल्या असत्यात. आमची बिचारी. रेडकू गेल्यापास्नं घरच्या दावणीला, म्होरं पेंडीचं घमेलं असल्याशिवाय ती पान्हा सोडत न्हाय. रोज धार काढणाऱ्या बाईला हे कळू नये? रागाच्या भरात मी सगळं इसरलो. पेंड बी आणली न्हवती.

ह्यावेळी सगळी हसली. पोटभर.

"म्हस बी लाजली गं तुझ्यापायी," आण्णा म्हणाले. "जनावराला कळतंय, तुला कळंना."

मग त्यांनी फोटोम्होरचा नारळ आणला आणि माझ्याम्होरं पायरीवर ठेवला. आवाज एकदम मऊ केला. "उचल. लेकीसारखी हायस. उद्यापास्नं दूध घालाय ये."

खरं सांगतो, माझा हात गेला. शेंडीला बोटं लागली. उद्या चूल कशी पेटणार एवढंच दिसत हुतं. बघायला आलेली आत्ती रांगेतच उभी हुती. मी तिच्याकडं बघितलं, म्हटलं मान तरी हलवंल, व्हय न्हायतर न्हाय. ती खाली बघत हुती. तिच्या शेजारची बी खाली बघत हुती. त्या रांगेतल्या कितींनी असा खोटा नारळ फोडलाय, कुणाला ठावं.

मी हात मागं घेतला.

"मी पाणी घातलं न्हाय. ह्यो नारळ मी उचलणार न्हाय."

कोण हसलं न्हाय. कोण माझ्या बाजूनं बोललं बी न्हाय. मी म्हशीचं दावं धरलं आणि घरला आलो. दावणीला बांधली, घमेल्यात मूठभर पेंड टाकली, आणि बयेनं लगेच पान्हा सोडला. फेस किटलीच्या काठापतोर आला. मी तिच्या कुशीला डोकं लावून रडलो. तिला शिव्या दिल्या, रडत रडतच.

ह्याला आता बरंच दिवस झालं. दूध बंदच हाय. वेशीवरच्या हॉटेलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, मला बी गावात राहायचंय." तूप काढावं तर दुधावर साय धरत न्हाय. कुजलेला ऊस उपटून बांधाला टाकलाय, पुढच्या लावणीचं काय ठरत न्हाय. मालक म्हस इकूया म्हणत्यात. आत्ती माझ्याशी बोलत न्हाय. मी नकार देऊन तिचा खोटा नारळ उघडा पाडला असं तिला वाटतंय, आणि ते काय खोटं न्हाय. ह्यातलं कायच सुधारंल असं मला वाटत न्हाय.

पण रोज सकाळी मी किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभं राहतो. माझा नंबर आला की सेक्रेटरी माझ्या मागच्या बाईला हाक मारतो. ती पुढं होते. मी तिथंच थांबतो, रांग संपंपतोर, आणि दूध परत घेऊन येतो. रांगेतलं हसणं आता बंद झालंय. बाया माझ्या किटलीकडं बघत न्हाईत. आण्णा खुर्ची आत घेऊन बसत्यात.

म्हस वैरणीवाचून आज ना उद्या आटंल. आटू दे. मग रिकामी किटली घेऊन उभं राहीन. तो नारळ तिथंच फोटोम्होरं वाळू दे. मी पाणी घातलं हे माझ्या तोंडातनं त्यास्नी कधी ऐकायला मिळणार न्हाय.