वेशीवरचा उडणारा माणूस

गाव सोडलं त्या सकाळी टेम्पोवर दोर आवळायला गावातल्या दादाचीच पोरं आली. तोंडाला पंचे गुंडाळलेले. "आबा, सावकाश जावा. परत यायची गडबड करू नका," एकजण म्हणाला, आणि गाठ नीट बसली का तेही बघितलं. वेशीवर दादाचा फ्लेक्स होता. मुंडकं त्याचं, धड चित्रातल्या उडणाऱ्या वीराचं, पाठीला लाल कापड.

आमच्या उजनीकाठी पाण्याच्या मोटारींच्या केबली चोरीला जायच्या. दादानं पोरं जमवली, चोर धरले, तुडवले. गाव खूश. मग कुणाची मोटार कधी चालायची तेही तोच ठरवू लागला. ग्रामसभेत मी विचारलं, "ह्याला नेमलं कुणी?" त्याच आठवड्यात माझी केबल तुटली. चोर तर कधीच संपले होते की. केळी डोळ्यांदेखत वाळली. माफी काही मी मागितली नाही. पुण्याला, शुक्रवार पेठेत लेकाकडे आलो.

हितं नात कॉलेजला आहे. तिच्याकडे असल्या वीरांच्या कॉमिकांची चळत. मी चौथीपर्यंतचा, इंग्रजी येत नाही, ती चित्रं दाखवून सांगते. त्यात पोलीस बावळट, कोर्ट झोपलेलं, आणि माणसं माना वर करून उभी. सभा कुणी घेत नाही.

"आबा, तो चांगला असतो ना, म्हणून चालतं."

"चांगला हाय हे सांगितलं कुणी? त्यानंच की."

"तुम्ही अगदी व्हिलनसारखं बोलता," म्हणून ती हसली. मग एक नवं पुस्तक काढलं. त्यात वीर सगळ्यांच्या भल्यासाठी घराघरावर नजर ठेवतो. ते वाचताना ती हसली नाही.

आज धाकट्या भावाचा, शिवरामचा, फोन आला. आवाज दबका. उद्या ग्रामसभा. पाणी समिती मोडून सगळा कारभार दादाकडे द्यायचा ठराव.

"आण्णा, समदे हात वर करणार हायत. मी न्हाय करणार."

"घरी कोण हाय तुझ्या?"

"दारात दोघं बसल्यात. लई गोड बोलत्यात."

पुण्याला गेलेल्या पोरांनो, त्या फ्लेक्सच्या फोटोला तुम्ही मोबाइलवर अंगठे दिलेत. तुमची नावं अजून गावच्या मतदार यादीत आहेत, माझंही आहे. मी सकाळच्या एसटीनं निघतोय. लेक नको म्हणतो. नात विचारते, तिथं आता तुमचं काय राहिलंय?

घराला कुलूप आहे, रान कोरडं आहे. पण ग्रामसभेत, शाळेपुढच्या सतरंजीवर शिवरामच्या शेजारी एका माणसाची जागा आहे. ती रिकामी राहिली, तर तो एकटा दिसेल.