पाटीवरची पहिली ओळ

पेणला माझा छोटा छापखाना होता, तोवर तालुक्यातल्या निम्म्या लोकांना मी थोर करून सोडलं. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं ही पोटापाण्याची कामं. माझा खरा हात बसलेला मानपत्रांवर. निवृत्त होणारा हेडक्लार्क असो की पतपेढीचा शिपाई, पहिल्याच ओळीत मी त्याचा दीपस्तंभ करायचो. पहिली ओळ दणकेबाज हवी, खालचं कोणी वाचत नाही, एवढंच मी आयुष्यात शिकलो. आणि तेवढ्याच्या जोरावर एके दिवशी इतिहासकार झालो.

खांब गावाच्या अलीकडे महामार्ग सोडून डोंगराकडे वळलं की मुंबईच्या एका शेटची आमराई होती. मधोमध कौलारू बंगला. शेट गेले, मुलं परदेशी स्थायिक झाली, आणि नातवाने तिथे ‘रिट्रीट’ काढलं. म्हणजे काय, ते मॅनेजरने मला समजावलं, “सर, लोक इथे काहीही न करायला येतात.” याच गोष्टीसाठी घरी मी जन्मभर बोलणी खाल्ली होती.

जेवणघराच्या भिंतीवर बागेच्या इतिहासाची मोठी पाटी हवी होती. माहिती काढायला मी स्कूटरवरून गेलो. बंगल्यामागे ओहळाच्या कडेला कातकऱ्यांची चार घरं होती. त्यातल्या सगळ्यात थोरल्या मावशीने मला अंगणात बसवून कोरा चहा दिला.

“माजा सासरा हितंच जल्मला,” ती म्हणाली. “शेट मागनं आला. कलमं आणली त्यानं, पन पानी सासऱ्यानं घातलंय, कावडीनं, ह्या ओहळाचं. त्यो समोरचा आंबा बघ. तीनदा मराया टेकलेला. सासऱ्यानं शिव्या घालून जगवला.”

“कसल्या शिव्या?”

“त्या तू नको लिवू.”

दोन दुपारी मी तिच्याकडे बसलो. कुठलं झाड कोणी लावलं, बंगल्याच्या जोत्याचे दगड कोणी वाहिले, सगळं वहीत उतरवलं. निघताना तिने विचारलं, “आमचं लिवशील ना रं दादा?”

“व्हय मावशी. पहिलंच लिहितो.”

माझी स्कूटर पहिल्या किकला सुरू झाल्याचं तोवर कोणी पाहिलेलं नव्हतं. दहाव्या किकला मी घामाघूम झालो तेव्हा मावशी दारातून म्हणाली, “तिलाबी दोन शिव्या घालून बघ!”

घरी येऊन लिहायला बसलो आणि आतला मानपत्रवाला जागा झाला. ओळ आपसूक उतरली, ‘त्या काळी या डोंगरउतारावर माणसाचा मागमूसही नव्हता, होता तो केवळ वारा, आणि एका माणसाचं स्वप्न.’ माझ्याच अंगावर काटा आला. मग वही उघडली. त्या ओळीखाली चार घरं काही केल्या बसेनात. घरं ठेवायची तर ओळ जात होती.

मी ओळ ठेवली.

पाटी लागली. शाल मिळाली. पुस्तिकेत माझ्या नावाखाली ‘स्थानिक इतिहास अभ्यासक’ असं छापून आलं. शाळेत इतिहासात मी काठावर पास झालो होतो, ते छापायचं राहिलं.

वर्षभराने नातवाला ओहळाकाठी पोहण्याचा तलाव करायचा होता. चार घरं मध्ये येत होती. ‘आम्ही शेटच्या आधीपासून इथे आहोत,’ असं वाडीतले सांगत होते, पण कागद कुणाकडेच नव्हता. चौकशीला तहसील कचेरीतले साहेब आले, त्या दिवशी मीही तिथे होतो. मॅनेजरने जेवायला बोलावलं होतं. सुरमई होती.

साहेबांनी पाटीसमोर उभं राहून पहिली ओळ मोठ्याने वाचली. “हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“माहिती काढून?”

“दोन दुपारी इथेच बसलो होतो.”

“फार ओघवतं आहे हो!”

“आपला लोभ,” मी म्हणालो.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं. बाहेर पायरीखाली मावशी आणि वाडीतली माणसं उभी होती. मला वाटलं, मला बघून हात करतेय. मीही हात केला आणि ताटाकडे वळलो.

महिन्याभराने रोह्याला जाताना महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या चार शेडा दिसल्या. बाहेर ओळखीची भांडी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी स्कूटर तशीच बागेकडे वळवली.

“ती ओळ काढा,” मी मॅनेजरला म्हणालो. “खोटी आहे. मीच रचलीय.”

तो हसला. “सर, गेस्ट त्या ओळीखाली उभे राहून फोटो काढतात. आणि आता काढून काय होणार?”

तो ऑफिसात गेला. जेवणघरात मावशी झाडत होती. तिला तिथेच कामाला ठेवलं होतं. मला बघून ती पाटीपाशी आली.

“दादा, रोज पुसते हिला. काय लिवलंय ते वाच की एकदा.”

मी वाचायला लागलो. पाटी बघत होतो आणि तोंडाने दुसरंच म्हणत होतो, “त्या काळी या डोंगरउतारावर ओहळाच्या कडेला चार घरं होती...”

“सासरा हाय?”

“आहे. कावडही आहे.”

“आन् शिव्या?”

“त्या नाही लिहिल्या.”

ती तोंडाला पदर लावून हसली. मग हसणं थांबलं. “मंग आमाला काढलं कशापायी? सायबानं वाचलं नाय काय?”

“घाईत असतील,” मी म्हणालो.

“मंग थांब. मॅनेजरला बोलावते. त्याच्यापुढं वाच, असंच मोठ्यांदा.” पाटीखाली झाडू टेकवून, पदर खोचत, ती ऑफिसकडे निघाली. तिला एवढ्या तरातरा चालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी मागच्या दाराने बाहेर आलो. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली.