मामांचं ऊन

हिंगोली जिल्ह्यातलं ऊन जर कुणाच्या मालकीचं असेल, तर ते माझ्या बायकोच्या मामांच्या मालकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सातबाऱ्यावर तशी नोंद नाही, एवढंच. मामा हट्ट्याला राहतात. वसमतच्या एका शाळेत उभा जन्म चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचा निकाल ते तिथला उजेड बघून लावतात. कुणाच्या घरी भांडण झाल्याचं कानावर आलं, की मामांचा पहिला प्रश्न, "त्यांच्या बैठकीत ट्यूबलाइट हाय का? हाय ना? मंग भांडणं व्हणारच." त्यांच्या स्वतःच्या घरात ट्यूबलाइट नाही. संध्याकाळी वीज गेली की सगळं गाव लाइनमनच्या नावानं बोटं मोडतं आणि मामा खुशीत खुर्ची उचलून दारात येऊन बसतात. कुणी दिवा आणू लागलं तर म्हणतात, "ऱ्हाऊ द्या. ऊन पाव्हणं हाय. आलं की बसवून घ्यावं, निघालं की धरून ठेवू नये."

माझं लग्नसुद्धा मामांनी उजेडाच्या जोरावर जुळवलं. मुलगी बघायला आम्ही सकाळी अकराला येणार होतो. मामांनी निरोप धाडला, "साडेचारला या. अकराच्या उन्हात देवसुद्धा थकलेला दिसतो." साडेचारला गेलो, तर मला आतल्या भिंतीशी बसवलं आणि हिला पश्चिमेच्या दाराजवळ. पोह्यांच्या बशीवर, हिच्या हातावर, कानातल्या कुड्यांवर असं काही ऊन उतरलं होतं की घरून पाठ करून आणलेले तिन्ही प्रश्न मी विसरलो. ट्यूबलाइटखाली बसून शांतपणे विचार करता आला असता, पण तोवर सुपारी फुटली होती. मी फसलो असं म्हणणार नाही, कारण हे ती वाचणार आहे.

शाळेत मामांचा कायदा होता, आधी वास, मग रंग. आमच्याकडे हळद शिजवायचे दिवस आले की सगळ्या शिवारात तो कडवट, गरम वास भरून राहतो. त्या दिवसांत मामा सातवीचा वर्ग बांधावर नेऊन बसवत आणि म्हणत, "डोळे मिटा आन् नाकानं बघा." एकदा तपासणीला आलेले साहेब वर्ग शोधत बांधावर पोचले, तर चाळीस पोरं डोळे मिटून बसलेली. साहेब कडाडले, "झोपा काढताय काय?" मामा शांतपणे म्हणाले, "न्हाई साहेब, लेकरं रंग गोळा करून राहिलीत. तुमी बी बसा." आता चाळीस पोरांसमोर नाही कसं म्हणणार? साहेबांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, पण अगदी हळू, "आमच्या आईच्या पदराला असा वास यायचा." शेऱ्यात त्यांनी 'शिस्त समाधानकारक' असं लिहिलं म्हणतात.

मला गोष्टी लिहायची खोड आहे, आणि त्या मामांना वाचून दाखवल्याशिवाय हिला चैन पडत नाही. एकदा बाप-लेकाच्या ताटातुटीची गोष्ट मी अगदी रक्त आटवून लिहिली होती. वाचून संपली तेव्हा मामी डोळे पुसत होत्या. मामा म्हणाले, "समदं बराबर हाय, जावईबापू. पर किती वाजले व्हते?"

"कशाचे?"

"पोरगं घर सोडून चाललंय ना? मंग दुपार हाय का सांज, तेच कळंना. दुपारी गेलेलं पोरगं भूक लागली की माघारी येतं. दिवेलागणीला गेलेलं येत न्हाई."

मला राग आला. पण घरी येऊन मी त्या पोराला दिवेलागणीला घराबाहेर काढलं, आणि माझं मलाच भरून आलं. कबूल करायला जड जातं, पण ही एवढी अक्कल मला कुठल्याच पुस्तकानं दिली नव्हती.

स्वतः मामा मात्र आयुष्यभर एकच चित्र काढत आले. त्यांचा बांध, बांधावरचा कडुलिंब आणि पलीकडे वाळत घातलेली हळद. आकार पोस्टकार्डाएवढा. बांध तोच, झाड तेच, बदलायचं ते ऊन. गेल्या काही वर्षांत तर त्या चित्रांत असं जड, मधासारखं पिवळं ऊन उतरू लागलं की बघणाऱ्याला डोळ्यांवर हात धरावासा वाटायचा. औंढ्याला दर्शनाला आलेली माणसं वाकडी वाट करून हट्ट्याला येत आणि एखादं चित्र मागून नेत. पंचक्रोशीत त्याला नावच पडलं, मामांचं ऊन. म्हातारपणी हात मुरला, असं आम्ही सगळे म्हणायचो, आणि मामा लाजून मान खाली घालायचे.

मग मागच्या वर्षी मामा रोज उंबऱ्याला ठेचकाळू लागले. नांदेडच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तसे मामा भिंतीकडे बघून म्हणाले, "हिला निळा रंग कुणी दिला?" मामी म्हणाल्या, "निळा कुठचा? पांढरा चुना हाय." घरी येऊन मामांनी आपली जुनी चित्रं बाहेर काढली आणि एकदा हा डोळा झाकून, एकदा तो झाकून दुपारभर बघत बसले. मी भेटायला गेलो तेव्हा सगळा पसारा तसाच होता.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे ऊन नव्हंच. हा माझा मोतीबिंदू हाय. मी लोकायच्या घराघरात मोतीबिंदू टांगून ठेवला."

मला आधी हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. मामांनी ब्रश माळ्यावर टाकले. डावा डोळा करायचा नाही, म्हणून हटून बसले. उशीर केला तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवटी मामींनी मला बोलावून घेतलं. "तुमीच सांगा आता. जावयाचा शब्द मोडायचे न्हाईत ते."

मामा बांधावर बसले होते. मी म्हणालो, "काहून हट्ट करता मामा? डोळा जाईल."

"डोळा ऱ्हाईल, पर ऊन जाईल. त्याचं काय?"

"तुम्हीच तर त्याला खोटं म्हणता."

"खोटंच हाय," मामा म्हणाले. "पर माझं हाय."

मी त्यांच्याशेजारी बांधावर टेकलो. मग विचारलं, "मामा, किती वाजले?" ते आकाशाकडे बघून म्हणाले, "सव्वापाच." मी म्हणालो, "म्हणजे पाव्हणं अजून निघालेलं नाही. बसवून घ्या. निघालं की धरू नका."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सातवीतच आहे. मग उठले, माळ्यावरून ब्रश काढायला लावले आणि मामींना वाळत्या हळदीपाशी बसवलं. मामी संकोचून गेल्या. "इतक्या वर्षांत कधी न्हाई काढलं मला, आताच कशाला?" मामा उजव्या डोळ्यावर रुमाल बांधत म्हणाले, "आतापर्यंत ऊन तयार नव्हतं." तीन दिवस रोज सव्वापाचला हा कारभार चालला. मी रजा टाकून पाण्याचा पेला धरून शेजारी बसलो होतो. मला दिसत होती ती हळदीवर हात फिरवणारी एक दमलेली म्हातारी, आणि डोळ्यावर येणारं मार्चचं ऊन. चित्र झालं, आणि त्याच आठवड्यात मामा नांदेडला जाऊन डावा डोळा करून आले.

आता मामा सकाळची चित्रं काढतात. त्यांत झाडाची सावली निळी असते आणि ऊन पातळ. तीही सुंदरच आहेत. कुणी जुनं ऊन मागितलं तर मामा म्हणतात, "संपलं." मामींचं चित्र तेवढं बैठकीत आहे; त्यात मामी त्या मधासारख्या उन्हात नव्या नवरीसारख्या दिसतात. परवा गेलो, तर मामांनी मला त्याच्यापुढं उभं केलं.

"जावईबापू, तुमचे डोळे चांगले. तुमी तिथं व्हते. खरं सांगा, ही अशी दिसत व्हती का?"

आत मामी चहा गाळत होत्या. कपबश्यांचा आवाज थांबला.

"व्हय मामा," मी म्हणालो. "बराबर अशीच."

"मंग ठीक हाय," मामा म्हणाले. आत पुन्हा कपबश्या वाजू लागल्या.

वाटभर मला वाटत राहिलं, आपण देवमाणसाशी खोटं बोललो. घरी पोचलो, कडी वाजवली. हिनं दार उघडलं. हाताला पीठ, कपाळावर आलेल्या पांढऱ्या बटा, आणि माझ्या मागून तिच्या अंगावर पडलेलं ऊन. "असं काय बघताय?" ती म्हणाली. मी घड्याळात बघितलं. साडेचार वाजले होते. मी खोटं बोललो नव्हतो.