बास कुणाचा?

त्याला सगळे खर्ज म्हणत. एक तर तो बँडमध्ये बास गिटार वाजवायचा, आणि बोलायचाही असा, की वाटावं शेजारच्या खोलीत कुणीतरी कपाट सरकवतंय. जॅझची फिरत आणि रॉकचा दणका एकत्र करणारा तो बँड केव्हाच पांगला. पियानोवाला वारला. सॅक्सोफोनवाल्याचे दात गेले आणि फुंकही गेली. उरली एक रेकॉर्ड. तिच्यातल्या शेवटच्या तुकड्यात एके ठिकाणी बास अर्धा ठोका उशिरा येतो. त्या एका जागेवर खर्जची शिकवणी वर्षानुवर्षं चालली होती. पोरं विचारायची, "काका, तिथे थांबायचं कसं सुचलं?" तो नुसता हसायचा.

आता रेकॉर्ड नव्याने निघणार होती. कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली, "जुन्या वेष्टनावर वादकांची नावंच नाहीत. शेवटच्या तुकड्यात बास कुणाचा?"

"माझा" अगदी ओठांवर आलं होतं. तो म्हणाला, "उद्या सांगतो."

कारण तो तुकडा दोनदा ध्वनिमुद्रित झाला होता. आधी त्याने वाजवला. मग तो तापाने पडल्यावर मेहुण्याने, त्याच्याच गिटारवर. मेहुणा त्याचाच शिष्य. दोन्हींतला कुठला ठेवला, हे पियानोवाल्याने कधी सांगितलं नाही, आणि खर्जने विचारायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणा आला. दोघांनी रेकॉर्ड लावली. ती जागा आली.

"इथे माझं बोट आखडलं होतं," खर्ज म्हणाला.

"काहीतरीच, दाजी! माझा पट्टा खांद्यावरून घसरला होता."

"म्हणजे चूक तुझी?"

"चूक माझीच. कौतुक तेवढं तुम्ही खाल्लंत."

भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "चुकीवर हक्क सांगणारे तुम्हीच दोघे पाहिले. वाजवा बघू. मी तुमच्याकडे पाठ फिरवून बसते."

आधी खर्जने वाजवलं. ती ठामपणे म्हणाली, "हा माझा भाऊ."

मग मेहुण्याने गिटार घेतली. खर्जने डोळे मिटले. क्षणभर वाटलं, आपलीच बोटं तारांवर आहेत. त्याने डोळे उघडले. हात मांडीवर रिकामे पडले होते.

मेहुण्याने सुई पुन्हा रेकॉर्डवर ठेवली, तोच फोन वाजला.

"मेहुण्याचं नाव लिहा," खर्ज एका दमात म्हणाला.

"अहो काका, मी त्यांनाही विचारलं होतं. त्यांनी सकाळीच तुमचं नाव सांगितलंय."

खर्जने फोनवर हात ठेवला. "मग इतका वेळ भांडत कशाला होतास?"

"वादात माघार घ्यायची नाही, दाजी. तुमचीच शिकवण."

"म्हणजे तो मीच? तुला नक्की ठाऊक आहे?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

खर्ज त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. तिथे खोडी होती की माया, ते काही उमगेना. फोनमधून आवाज आला, "काका? छापू ना तुमचंच?"

रेकॉर्डवर ती जागा जवळ येत होती. दोघांचेही पाय ठोका धरून हलत होते. दोघांचेही एकदमच थांबले.

"हो," खर्ज म्हणाला, जरा उशिरानेच.

"काय ठरलं?" बायकोने विचारलं.

"ठरलं," तो फोन ठेवत म्हणाला. "कळलं मात्र नाही."